जो पॅकच होत नाही, त्याला काय भाव सांगावा?

पत्र थोडक्यात: इंदूरचे एक वाचक, वय ३४, सॉफ्टवेअरच्या नोकरीत. तीन-चार वर्षं मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळले. व्हिडिओ पाहिले, सॉल्व्हरवर (अचूक चाल मोजून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर) अभ्यास केला, थोडे नफ्यातही राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कायदा आला आणि ॲपवरचा पैशांचा खेळ थांबला. तेव्हापासून दर शनिवारी रात्री शाळेतल्या सहा मित्रांबरोबर घरीच डाव मांडतात. ब्लाइंड, म्हणजे पानं पाहण्याआधीच दोघांनी टाकायच्या लहान-मोठ्या रकमा, ५-१०; सुरुवातीला प्रत्येकी १००० रुपयांच्या चिप्स. चार महिन्यांत ते सुमारे १४,००० रुपये हरले आहेत. "हे लोक कशावरही कॉल करतात, समोरच्यानं लावले तेवढे टाकून डावात राहतात. ब्लफ केला तरी कॉल, चांगलं पान असलं तरी कॉल, आणि रिव्हरला, शेवटच्या पानाला, त्यांनाच पान लागतं. अशा कच्च्या खेळाडूंसमोर बेट, म्हणजे लावायची रक्कम, लहान ठेवावी की मोठी?" असं ते विचारतात. पत्राच्या शेवटी दुसरी अडचण आहे. सगळ्यात जास्त कॉल करणारा मित्र त्यांचा बालपणापासूनचा. त्याचं छोटं दुकान आहे, दिवाळीनंतर धंदा मंद आहे, आणि गेल्या महिन्यात दोनदा त्यानं टेबलावरच उसने घेऊन पुन्हा चिप्स घेतल्या. "बायको विचारते, मित्राच्या खिशातून काढायचे डावपेच शिकतोयस का? मला उत्तर देता येत नाही."

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग कपाटातला पत्त्यांचा कॅट काढून तुम्ही लिहिलेला एक्क्यांचा डाव टेबलावर मांडला. कागदावर वाचताना जे निसटतं ते पानं समोर ठेवली की दिसतं. वाचकांसाठी तो डाव इथे पुन्हा सांगते. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडतात: आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग चौथं टर्न, मग पाचवं रिव्हर.

तुमच्या हातात इस्पिक आणि चौकट, असे दोन एक्के. तुमच्या आधी तिघांनी नुसते दहा-दहा रुपये टाकले होते. तुम्ही ३० केले. ते तिघंही आले, मोठा ब्लाइंडही आला. पाच जण आणि पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १५५ रुपये. फ्लॉप आला: बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर दुर्री. तुम्ही ५० लावले, दोघे आले. पॉट ३०५. टर्नला चौकट नव्वी. तुम्ही १०० लावले, फक्त दुकानवाला मित्र आला, "एक पान तर बघू दे ना भिया" म्हणत. पॉट ५०५. रिव्हरला बदाम तिर्री. त्यानं चेक केलं (काही न लावता पाळी पुढे दिली), तुम्ही २५० लावले, त्यानं उरलेल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या, तुम्ही कॉल केलं. त्याच्याकडे बदाम गुलाम आणि बदाम पंजी. तुमचे हजार गेले. पत्रात या डावाखाली तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, "अशा माणसाशी कसं खेळायचं?"

टर्नपाशी थांबू या. त्याच्या हातात दोन बदाम, टेबलावर दोन. उरले नऊ. त्यानं न पाहिलेली पानं ४६. म्हणजे पाचातून एकदा त्याचा फ्लश, एकाच रंगाची पाच पानं, लागणार. आता तुम्ही त्याला काय भाव सांगितलात? १०० रुपये द्या आणि समोरच्या ४०५ रुपयांवर हक्क सांगा. पाच वेळा असं झालं तर चारदा तो शंभर-शंभर गमावेल, ४०० जातील, आणि एकदा ४०५ जिंकेल. पाच डावांत त्याला पाच रुपयांचा फायदा. रिव्हरला तुमच्याकडून जे वर मिळालं ते वेगळंच. त्या क्षणी त्याचा कॉल बरोबर होता. त्यानं हिशेब केला नव्हता हे मला मान्य आहे, पण तुमच्या बेटनं तो हिशेब त्याच्या वतीनं करून दिला होता.

तिथेच २५० लावले असते तर? तो आला असताच, "एक पान बघू दे" म्हणणारा माणूस शंभरचे अडीचशे झाले म्हणून उठत नाही. पण आता चारदा अडीचशे म्हणजे हजार जाणार आणि एकदा ५५५ मिळणार. पाच डावांत ४४५ रुपयांचा तोटा, म्हणजे दर वेळी सरासरी नव्वद रुपये त्याच्याकडून तुमच्याकडे. त्याचा फ्लश त्या रात्री लागलाच असता, तुम्ही तो डाव हरलाच असता. पण तो डाव हरणं आणि चार महिने हरत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचं कारण त्या शंभराच्या बेटमध्ये आहे.

सुरुवातीचे तीस रुपयेही पाहा. दोन एक्के एका कुठल्याही हातासमोर सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात. चौघांसमोर ते सुमारे ५६ टक्क्यांवर येतात. म्हणजे पाच जणांच्या पॉटमध्ये एक्के हरणं ही जवळपास एकाआड एक डाव घडणारी गोष्ट आहे. तरीही तो पॉट तुमच्या फायद्याचा असतो, कारण पाचवा हिस्सा टाकून तुम्ही अर्ध्याहून जास्त वेळा जिंकता. पण मग हरल्यावर नशिबाला बोल लावता येत नाही. तीन जण आधीच आत असताना ३० म्हणजे सगळ्यांना आमंत्रणच झालं. तिथे ६० हा नेहमीचा आकडा, आणि तुमच्या टेबलावर मी ८० करीन. एक-दोघे तरी येतीलच. जे येतील ते वाईट पानं घेऊन महागात येतील.

आता तुमच्या मूळ समजुतीकडे येते. पत्रभर तुम्ही बेटकडे भीती घालायचं साधन म्हणून पाहताय. हातात काही नसलं की मोठी लावता, समोरच्यानं पळावं म्हणून. हातात भारी पान आलं की छोटी लावता, समोरच्यानं पळू नये म्हणून. घाबरणाऱ्या लोकांसमोर हे काही अंशी चालतं. पण तुमच्या टेबलावर कुणी पळतच नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग ज्या डावात तुम्ही हरणार त्या डावात पॉट मोठा, आणि जिंकणार त्या डावात लहान. चौदा हजारांचा बराचसा हिशेब इथेच लागतो.

हे मित्र पॅक का होत नाहीत, म्हणजे पानं टाकून डावातून बाहेर का पडत नाहीत, याचाही विचार करून पाहा. "कच्चे" म्हणून तो प्रश्न मिटत नाही. ते कुठल्या खेळातून आलेत? माझ्यासारखेच तेही दिवाळीच्या रात्री तीन पत्ती खेळत मोठे झाले असणार. आमच्या रामबागेतल्या घरी लक्ष्मीपूजन आटोपलं की सतरंजी पडायची आणि बूट म्हणून, म्हणजे प्रत्येकानं सुरुवातीला टाकायची रक्कम म्हणून, चिंचोके ठेवले जायचे. तीन पत्तीत चाल बांधलेली असते. पान न पाहणारा चालू चालीइतकं किंवा दुप्पट टाकणार, पान पाहिलेला दुप्पट ते चौपट. त्यापलीकडे जाता येत नाही. त्यामुळे चालीच्या आकारातून समोरचा फार काही सांगू शकत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही तशी सवय लागत नाही. सगळी मजा असते ती 'शो'मध्ये. पैसे देऊन पान पाहायचं. तो माणूस पोकरच्या टेबलावर बसला की तेच करतो. तुम्ही दोन-तृतीयांश पॉट लावून त्याला जी कहाणी सांगता, ती त्याला ऐकूच येत नाही. तो आपली दोन पानं पाहतो आणि शो पाहायला थांबतो.

ॲपवर तुम्हाला भेटत होते ते वेगळे लोक. ते एका वेळी तीन-चार टेबलं खेळत, अनोळखी असत, आणि शंकास्पद हात सोडून पुढच्या टेबलाकडे वळायला त्यांना एक क्षण लागे. सॉल्व्हरही त्याच जगाचा. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' या प्रोग्रॅमनं पिट्सबर्गमध्ये चार नामांकित व्यावसायिकांना एक लाख वीस हजार डावांत हरवलं. त्याची रीत लक्षात घ्या: समोरच्याच्या चुका हेरून त्यांवर तुटून पडण्यापेक्षा आपल्या खेळात फट राहू नये, यावर त्याचा सगळा भर होता. तुमची ती एक-तृतीयांश पॉटची बेट अशाच विचारातून आली आहे. बरोबरीच्या, नेमकं पॅक होणाऱ्या माणसासमोर ती उत्तम आहे. शनिवारच्या टेबलावर मात्र ती स्वस्त विक्री ठरते.

विक्री हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. तुमच्या बायकोच्या प्रश्नाकडे पुढे येणार आहे, पण आधी बेट म्हणजे काय ते नीट पाहू. बेट म्हणजे पुढचं पान पाहण्याचा किंवा शो पाहण्याचा तुम्ही सांगितलेला भाव. आपल्या इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटमधल्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा. गादीवर बसणारं गिऱ्हाईक भाव ऐकून उठणारं आहे की कापड आवडलं की घेणारंच आहे, हे तो थान उलगडण्याआधी ओळखतो. उठणाऱ्याला तो कमी सांगतो. घेणाऱ्याला कमी सांगून त्याचा काय फायदा?

आकडे मांडून बघू. समजा फ्लॉपला पॉट १०० आहे, समोर एकच जण, आणि तो शेवटपर्यंत येणारा. तिन्ही वेळा तुम्ही साधारण एक-तृतीयांश लावलेत: ३५, मग ५५, मग ९०. त्याच्याकडून मिळाले १८०. तिन्ही वेळा पाऊण पॉट लावलात: ७५, मग १९०, मग ४७०. मिळाले ७३५. बेट दुपटीहून थोडी मोठी, आणि हाती येणारी रक्कम चौपट, कारण प्रत्येक बेट आधीच्या वाढलेल्या पॉटवर बसते. पहिल्या बेटमध्ये केलेली कंजुषी रिव्हरला सापडते. मोठी बेट लावल्यावर तीन डावांतून दोनदा तो मध्येच पॅक झाला आणि एकदाच शेवटपर्यंत आला, तरी सरासरी २४५ पडते. १८० पेक्षा जास्तच.

पण हे वाचून प्रत्येक बऱ्या हातावर पाऊण पॉट लावत सुटू नका. एक प्रश्न दर वेळी स्वतःला विचारा: या आकड्याला माझ्यापेक्षा हलकी कुठली पानं येतील? राजा-राजा-सत्ती अशा टेबलावर तुमच्याकडे राजा असेल तर जवळपास कुठलीही जोडी येईल, तेव्हा मोठी लावा. टेबलावर राणी आहे आणि तुमच्याकडे राणी-नव्वी आहे, तर दोन वेळा अर्धा पॉट ठीक, तिसऱ्यांदा थांबून विचार करा. रिव्हरची कसोटी सोपी आहे. कॉल आलाच तर निम्म्याहून जास्त वेळा आपण पुढे असू का? असू, तर लावा. सॉल्व्हरच्या सवयीनं तुम्ही तिथे चेक करत असाल. शो पाहायला आतुर असलेला मित्र सत्तीच्या जोडीवरही कॉल करतो, आणि त्या जोडीचे पैसे तुम्ही दर शनिवारी टेबलावर सोडून येता.

ब्लफबद्दल मी एका ओळीत सांगू शकते: या मित्रांवर करू नका. तरी हिशेब देते, कारण तुम्हाला हिशेब पटतो. पॉटएवढी बेट ब्लफ म्हणून लावली तर दोनातून एकदा समोरच्यानं पॅक व्हायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी होते. अर्धा पॉट लावला तर तिनातून एकदा. तुम्ही लिहिलंय की रिव्हरला हे मित्र "पाचातून एकदाही" सोडत नाहीत. मग कुठलाच आकडा बसत नाही. एकेक ब्लफ किरकोळ वाटतो म्हणून तुम्ही तो करत राहता, आणि तो रात्रीतून सहा-सात वेळा होतो. हातात काही नसेल तर चेक करा. ज्याचं पान अजून लागायचंय अशा हातालाही चेक करा. हे मित्र स्वतःहून फार बेट लावत नाहीत, तेव्हा पुढचं पान पुष्कळदा फुकट मिळेल.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. रात्रभर "कॉल, कॉल" म्हणणारा माणूस अचानक रेझ करतो, म्हणजे स्वतःहून रक्कम वाढवतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवा. तुमच्या त्या डावात रिव्हरला तिसरा बदाम आला, आणि चार महिने कधीही रेझ न करणाऱ्या मित्रानं सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. त्यानं तुम्हाला आपली पानं उघडून दाखवल्यासारखंच होतं. त्या कॉलमध्ये तुमचे ५७० रुपये गेले. मुळात तिसरा बदाम आल्यावर तिथे चेक करायला हवं होतं. जो घाबरत नाही, तो घाबरवायलाही सहसा जात नाही. अशा माणसाच्या रेझवर दोन एक्के टाकून देणं शिकलात, तर बाकीचं शिकायला वेळ मिळेल.

तुमच्या टेबलावरचा तो दुसरा मित्र, प्रत्येक डावात रेझ करणारा, त्याला हेच औषध लावू नका. तोही भरपूर पानं खेळतो, पण वृत्ती उलटी आहे. त्याच्यासमोर भारी पान आलं की तुम्ही गप्प राहा. चेक करा, त्याला लावू द्या, कॉल करा, पुन्हा लावू द्या. तुम्ही मोठी बेट लावलीत तर त्याच्या हातची सूत्रं जातात, आणि मग तो निवांत पॅक होतो. त्याच्यासमोर मधली जोडीही पुष्कळदा कॉल करण्याजोगी असते. दोघांनाही तुम्ही "कच्चे" या एकाच शब्दात बसवलंय. आधी हा शब्द सोडा, मग माणसं वेगवेगळी दिसू लागतील.

पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. "एक जण गप्प बसतो, फार कमी डाव खेळतो, आणि नशिबानं तोच जिंकून जातो." त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. तेच मित्र, तीच कॉल करायची सवय, तीच पानं. तो जिंकतो आणि तुम्ही हरता. पुढच्या शनिवारी तुम्ही खेळात नसलेल्या डावांत मोबाइल बाजूला ठेवून फक्त त्याच्याकडे पाहा. तो बेट लावतो तेव्हा किती लावतो, शो झाल्यावर त्याच्याकडे काय निघतं, आणि तो ब्लफ करताना शेवटचा कधी दिसला. माझा अंदाज असा की तो मी वर लिहिलेलंच करत असणार, कुठला व्हिडिओ न पाहता. शिवाय तुमच्या बेटच्या आकारावर लक्ष ठेवणारा टेबलावर तोच एक असणार. पॉटमध्ये तो असेल तेव्हा भारी आणि हलक्या हातांवर आकडा सारखा ठेवा. त्याच्यासमोर तुमचा जुना अभ्यास कामाला येईल.

धीराबद्दल थोडंसं. घरच्या टेबलावर पत्ते पिसून, वाटून, मध्ये तळलेल्या गराडूंवर जीरावण मसाला भुरभुरत तासाला पंचवीसेक डाव होतात. चार तासांत शंभर. चार महिन्यांचे सगळे शनिवार धरले तरी दीड-दोन हजार. ॲपवर एवढे डाव तुम्ही आठवड्याभरात खेळत असाल. इतक्या कमी डावांत बरोबर खेळणाराही हरू शकतो. म्हणून चिप्सची बेरीज लिहिण्याऐवजी दर शनिवारी तीन डाव वहीत लिहा, पॉट किती होता, किती लावले, कोण आलं, शो झाल्यावर काय दिसलं. तुम्ही मला एक डाव इतका नीट लिहून पाठवलात, म्हणून तर तो शंभराचा आकडा सापडला.

आता तुमच्या पत्नीचा प्रश्न. तिचं म्हणणं मला रास्त वाटतं, आणि "खेळ आहे, त्यात मित्र कसला" हे ठरावीक उत्तर तुम्ही तिला दिलं नाही याचं बरं वाटलं. वरचं सगळं शिकल्यावर पहिला परिणाम काय होईल? सगळ्यात जास्त कॉल करणाऱ्याकडून सगळ्यात जास्त पैसे येतील. तो तुमचा तोच मित्र आहे. सहा कमावत्या माणसांनी महिन्याला दोन-चार हजार इकडून तिकडे केले तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. सराफ्यातल्या खाऊगल्लीत चार रात्री बसलं तरी पाकीट हलकं होतंच. पण जो उसने घेऊन चिप्स घेतो, त्याच्यासाठी तो खेळ राहिलेला नसतो.

त्याच्याविरुद्ध हात राखून खेळावं, असंही तुमच्या मनात येत असेल. त्याच्यासमोर बेट लावायचीच नाही, भारी पान असलं तरी चेक करून सोडून द्यायचं. तसं करू नका. त्यात बाकीच्या मित्रांवर अन्याय होतो, कारण दोघांत ठरवून ढिलं खेळणं ही तिसऱ्याची फसवणूकच असते. आणि त्याचे पैसे वाचत नाहीत, ते फक्त दुसऱ्याच्या चिप्समध्ये जातात.

एका दिवाळीला माझ्याबाबतीत असं झालं होतं. घरच्याच मंडळींत रमी चालू होती, पॉइंटला पैसे लावून, आणि एका नातेवाईक बाईंकडून मी चांगली रक्कम जिंकले. त्या हसत होत्या, मीही हसत होते. दोन महिन्यांनी कळलं की ते पैसे मुलाच्या फीसाठी वेगळे काढलेले होते. मी परत करायला गेले तर त्यांनी दारातच हात जोडले, घेतले नाहीत, आणि पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे दिवाळीला आल्या नाहीत. परत देण्याची वेळ येऊ नये यासाठी जे करायचं ते खेळाआधीच करावं लागतं, हे मी तेव्हा शिकले.

आमच्या टेबलावर आता जे नियम आहेत ते तुम्हाला सांगते, जसेच्या तसे घ्यायला हवेत असं नाही. पैसे रोख, आणि खेळ सुरू होण्याआधी एका डब्यात. पूर्वी पाकीट रिकामं झालं की माणसाला आपोआप कळायचं. आता यूपीआयवर आणखी हजार पाठवायला चार सेकंद लागतात, आणि त्या चार सेकंदांत कुणी विचार करत नाही. म्हणून डाव सुरू असताना फोनवरून पैसे नाहीत. पुन्हा चिप्स घ्यायच्या तर रात्रीतून एकदाच. टेबलावर कुणी कुणाला उसने द्यायचे नाहीत, हा नियम सगळ्यांत कडक. साडेअकराला शेवटची फेरी जाहीर होते. तुमच्या घरी ब्लाइंड ५-१० ऐवजी २-५ आणि चिप्स ५०० च्या केल्या, तरी खेळात काडीचाही फरक पडणार नाही. शंभरच्या पॉटचं गणित पन्नासच्या पॉटलाही तसंच लागू होतं.

आणखी एक, कायद्याचं. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर आपल्याकडे एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तो नशिबाकडे झुकणारा मानला, इतरत्र वेगळे निकाल आहेत. आपल्या मध्य प्रदेशात आजही १८६७ चा जुगार कायदा पाहिला जातो, आणि त्यात जुगाराचा अड्डा ठरवताना जागा किंवा साधनं देणारा त्यातून कमाई करतो का, हे कळीचं असतं. चहा-नाश्त्याच्या नावाखाली प्रत्येक पॉटमधून नाल, म्हणजे जागा देणाऱ्याचा हिस्सा, काढायची टूम कुणी काढली, तर ती तिथेच थांबवा. नाश्ता घरचा असू द्या. मनात शंका असेल तर ओळखीच्या वकिलाला एकदा विचारा.

राहिला तो मित्र. पोकर खेळणारे म्हणतात, कच्च्या खेळाडूला शिकवू नये, त्याच्या चुका टेबलावर बोलून दाखवू नयेत. टेबलावर बोलून दाखवू नये हे मला मान्य आहे, कारण चारचौघांत ते अपमानाचं होतं. पण तो तुमच्यासोबत शाळेच्या बाकावर बसलेला माणूस आहे. मी असते तर त्याला शनिवारच्या आधी एखाद्या सकाळी पोह्यांना बोलावलं असतं. पत्त्यांचा विषय काढण्याआधी दुकान कसं चाललंय ते विचारलं असतं, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलले नसते. मग त्याला तो डाव सांगितला असता, टर्नच्या शंभराचा आणि अडीचशेचा हिशेब दोन्ही. "तू बरोबर कॉल केलास, कारण मी चुकीचा भाव सांगितला. इथून पुढे तसा सांगणार नाही." त्याला ऐकायचं असेल तर ऐकेल, पुढच्या वेळी अडीचशेला पॅक होईल, आणि तुमचे थोडे पैसे त्यात कमी येतील. मला तो व्यवहार चांगला वाटतो.

उसनवारीचा आणि एकदाच चिप्स घ्यायचा नियम मात्र त्याच्या नावानं आणू नका. तो तुमच्या नावानं आणा. चौदा हजार तुमचे गेले आहेत, तेव्हा "मला झेपत नाही, आपण छोटं खेळू" असं तुम्ही म्हणालात तर कुणाला नवल वाटणार नाही, आणि त्याच्याकडे कुणाची नजरही जाणार नाही. हे सगळ्यांसमोर बोलायचं ते चिप्स वाटायच्या आधी.